घरातच प्रवासाला गेलेला वेइयो

वेइयो तिर्कोनेनला मी लग्न होऊन फिनलंडच्या या कोपऱ्यात, हिरविवाराला आले तेव्हापासून ओळखते, आणि एवढ्या वर्षांत त्यानं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा त्याचा ट्रॅक्टर तळ्याकाठच्या चिखलात रुतला, तर हा गडी दिवसभर फावड्यानं चिखल उपसत बसला. माझा नवरा यॉर्मा आमचा ट्रॅक्टर घेऊन शेजारच्याच रानात काम करत होता. मदत हवी का, असं यॉर्मानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर वेइयोला लाज वाटली असती. दोघं लांबूनच हवापाण्याबद्दल बोलले आणि संध्याकाळी आपापल्या घरी गेले. असली आमची माणसं.

आता यॉर्मा नाही. मी समोरच्या घरात एकटी राहते आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिर्कोनेनांचं पुढचं दार सरळ दिसतं. त्यामुळे हे जे सांगतेय ते ऐकीव नाही.

वेइयोनं उभा जन्म गावच्या सहकारी दुकानाच्या काउंटरमागे काढला. खिळे, साखळ्या, रबरी बूट, गुरांचं खाद्य. गिऱ्हाइकानं "बूट चांगला दिलास रे" म्हटलं तरी याचे कान लाल व्हायचे आणि तो आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जायचा. बायको इर्या बोलकी, त्याची कसर भरून काढणारी. मुलगी तुइया एकुलती, ताम्पेरेला नोकरीला.

आणि बंदुका. तरुणपणी एल्क हरणं मारणाऱ्या मंडळींबरोबर जंगलात जायचा. गोळी कधी झाडली नाही, सूप मात्र उत्तम करायचा. त्या मंडळींकडे लष्करानं काढून टाकलेली एक जुनी बंदूक होती. साफ करताना वेइयोनं तिचं लाकूड उतरवलं, तर आत लोखंडावर झारच्या काळातला रशियन शिक्का. आपली म्हणून मिरवत होतो ती मुळात दुसऱ्याची. रशियन सोडून गेले, आपण उचलली, नवी नळी बसवली, वर आपला शिक्का मारला. हे त्याला इतकं आवडलं की पुढे जन्मभर त्यातून तो बाहेर आला नाही. "गरिबाघरची चिंध्यांची सतरंजी आहे ही," असं मला एकदाच म्हणाला होता. "कुणाच्या चिंध्या, ते विचारायचं नाही. विणली कशी, ते बघायचं." मागच्या खोलीत कागद साठत गेले, फोटो साठत गेले. निवृत्त झाल्यावर त्याचं पुस्तक तयार झालं. एवढं जाड की इर्या त्यानं काकडीच्या लोणच्यावर दाब ठेवायची.

प्रकाशकांनी ते विनयानं परत केलं. मग तुइया सुट्टीला आली आणि कॉफीच्या टेबलावर तिनं विषय काढला. मी तिथंच होते.

"बाबा, लोकांकडूनच आगाऊ पैसे घेऊ. इंटरनेटवर. ज्याला पुस्तक हवंय तो आधी पैसे भरतो, पुरेसे जमले की छापायचं."

"म्हणजे भीक," वेइयो म्हणाला.

"भीक कशी? आपल्याकडे नुसते पैसे मागायला परवाना लागतो. ही विक्री आहे. बदल्यात पुस्तक द्यायचं."

"म्हणजे विनापरवाना भीक."

"इर्याकाकू, सांगा ना याला!" तुइयानं माझ्याकडे बघून म्हटलं आणि मग जीभ चावली, कारण इर्या तिची आईच, काकू मी, माइरे. इतकी चिडली होती पोर.

अखेर वेइयो कबूल झाला, कारण नाही म्हणत राहिलं तर वाद वाढतो आणि वादाचीही त्याला लाज वाटते. जाहिरातीसाठी तुइयानं त्याचा व्हिडिओ घेतला. लाकडाच्या शेडसमोर उभा राहून, टोपी हातात धरून, कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत तो म्हणाला, "नमस्कार. मी आपल्या लष्कराच्या बंदुकांवर पुस्तक लिहिलंय. घ्यायलाच हवं असं काही नाही."

एवढंच. तुइयानं खाली इंग्रजी भाषांतर देऊन तेच टाकलं. आणि त्या एका वाक्यावर लोक तुटून पडले. टेक्सासचे, चेक देशातले, ऑस्ट्रेलियातले. पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर निवृत्त मंडळी वेइयोची वाटच बघत बसायची. "काय रे, अमेरिकेहून आज काही धर्मादाय आला की नाही?" "एवढ्या लांबून भीक मिळवणारा आपल्या तालुक्यात तूच पहिला हो!" वेइयोनं पंपावर जाणं सोडलं. पैसे वाढत होते तसा तो वाळत होता. ताप चढलेला माणूस थर्मामीटर बघतो तसा रोज सकाळी तो आकडा बघायचा.

पैसे देणाऱ्यांना बदल्यात काय मिळेल याच्या तुइयानं पायऱ्या केल्या होत्या. पहिलीत पुस्तक. दुसरीत सही केलेलं पुस्तक. सगळ्यात वरची पायरी अशी: हिरविवाराला या, लेखकाच्या टेबलावर कॉफी प्या, घरातला जुना फोटो आणा, त्यातली बंदूक कोणती ते लेखक सांगेल. वेइयोनं ती वाचली तेव्हा म्हणाला, "हिरविवाराला कोण तडफडायला येतंय!" आणि तेवढ्यावर ती राहू दिली.

पुस्तक छापून आलं. प्रत्येक प्रतीचं पार्सल त्यानं स्वतः बांधलं. एका तक्त्यात दोन वर्षांची अदलाबदल झाली होती, म्हणून प्रत्येक प्रतीत हातानं लिहिलेली माफीची चिठ्ठी घातली. इर्या म्हणाली, "अरे, कुणाच्या लक्षातही आलं नसतं." तो म्हणाला, "माझ्या आलं ना."

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, त्याची सत्तरी आली.

आमच्याकडे असं आहे: पन्नाशी, साठी, सत्तरी आली की तालुक्याच्या पेपरात एक ओळ छापायची. 'वाढदिवशी प्रवासात.' छापणारा कुठेही जात नाही, हे त्यालाही ठाऊक आणि वाचणाऱ्यांनाही. ओळ छापली नाही तर अर्धं गाव कॉफीला येतं, नगरपालिकेची बाई फुलं घेऊन येते, कुणीतरी उभं राहून भाषण करतं आणि आपल्याला ते तोंडासमोर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आपण पडदे ओढायचे, गाडी गोठ्यामागे लावायची आणि दिवसभर दबक्या आवाजात बोलायचं. गाव समजून घेतं. माझ्या साठीला मीही असाच केक पडद्याआड एकटीनं खाल्लाय. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटत नाही. पुस्तकाचा बोभाटा झाल्यावर वेइयो तर ती ओळ छापणारच होता.

पण ती ओळ तालुक्याच्या पेपरात होती. आणि त्या दिवशी जी बाई आली ती स्वीडनहून; तिनं तो पेपर कुठून वाचावा?

दुपारची वेळ. बाहेर असा गारठा की नाकातले केस कडकड वाजत होते. जवळच्या नुर्मेस गावची टॅक्सी तिर्कोनेनांच्या फाटकाशी थांबली, एक लहानखुरी म्हातारी उतरली आणि टॅक्सी निघून गेली. लाल लोकरी टोपी, हातात खिळा लावलेली काठी, खांद्याला पिशवी. पुढच्या पायवाटेवरचा बर्फ वेइयोनं मुद्दाम काढला नव्हता. कुणी नाही असं दिसावं म्हणून. त्यातून ती काठी रोवत, गुडघाभर रुतत दारापर्यंत गेली आणि तिनं दार वाजवलं.

काही नाही. तिनं पुन्हा वाजवलं. स्वयंपाकघराचा पडदा हलला. मला रस्त्यापलीकडून दिसला, म्हणजे तिला तर दिसलाच असणार. पडदा पुन्हा स्थिर झाला. चिमणीतून सरळ पांढरा धूर वर जात होता. ती धुराकडे बघत उभी राहिली.

मी काय करत होते? मीही पडद्यामागेच उभी होते. बाहेर जाऊन तिच्याशी बोलले तर वेइयोचा प्रवास उघडा पडेल, म्हणून थांबले होते. वाटलं, जाईल. पण ती कुठे जाणार? टॅक्सी गेली होती. ती पायरीवरचा बर्फ हातमोज्यानं झाडून तिथं बसायला लागली, तेव्हा मात्र मला माझीच चीड आली. कोट चढवला आणि गेले.

तिला आमची भाषा येत नव्हती. तरुणपणी मी आणि यॉर्मा स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात होतो, त्यामुळे माझं स्वीडिश कामापुरतं बरं आहे. तिला घरी आणलं, चुलीजवळ बसवलं, बूट काढले, पायांवर शाल टाकली.

तिचं नाव कारिन. नातवानं इंटरनेटवर वेइयोचा व्हिडिओ दाखवला होता. सगळ्यात वरच्या पायरीचे पैसे तिनंच भरले होते. तुइयानं तिला लिहिलं होतं की बाबांचा वाढदिवस आहे, त्या दिवशी या, ते कायम घरीच असतात, मीही येतेय. तुइयाची गाडी संध्याकाळी पोचणार होती. घरी तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाप जंगलात पळाला असता, हे तिला माहीत होतं. पोरीचंही चुकलं असं म्हणवत नाही.

"ते घरी नाहीत का?" कारिनबाईंनी विचारलं.

"नाहीत. प्रवासाला गेलेत."

"धूर येतोय."

"तो... मांजरासाठी. मांजराला थंडी वाजू नये म्हणून."

"मांजर लाकडं टाकतं चुलीत?"

मी पाठ फिरवून कॉफी करायला लागले. माझ्या वयाच्या बाईनं असं खोटं बोलावं आणि तेही इतकं वाईट!

कारिनबाईंनी पिशवीतून एक जाड पाकीट काढून मांडीवर ठेवलं. उघडलं नाही. त्यांचा जन्म आमच्याच बाजूचा. महायुद्धात रशियाशी लढाई चालली होती त्या दिवसांत आमच्याकडची पोरं गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून बोटींनी, गाड्यांनी स्वीडनला पाठवली होती. त्यांतल्या त्या एक. वडील चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आघाडीवर मारले गेले, मागून आई क्षयानं गेली, आणि परत बोलवायला कुणी उरलं नाही. भाषाही गेली. वडिलांचा हा एक फोटो तेवढा राहिला.

"चेहऱ्याबद्दल विचारावं असं आता कुणी जिवंत नाही," त्या म्हणाल्या. "पण हातात बंदूक आहे. म्हटलं, निदान बंदुकीबद्दल सांगणारा तरी एक माणूस आहे. त्याच्या टेबलावर कॉफी प्यायची आणि विचारायचं. तसं कबूल केलं होतं त्यांनी."

मी कप तसाच ठेवला, त्यांना बसायला सांगितलं आणि मागच्या वाटेनं जाऊन तिर्कोनेनांचं मागचं दार धडाधडा वाजवलं.

इर्यानं फटीतून डोकं काढलं. "शू! हळू!"

"हळू काय हळू! कुठंय तो?"

वेइयो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जमिनीवर बसला होता. सत्तर वर्षांचा बाप्या, भिंतीला पाठ, पायात घरातल्या जाड लोकरीच्या, नमद्याच्या चपला, बाजूला कॉफीचा कप.

"गेली का ती?"

"गेली नाही. माझ्या घरी गारठून बसलीय. कारिन नाव आहे, स्वीडनहून आलीय."

त्याचा चेहरा पडला. नाव त्याला ठाऊक होतंच. तिचं पार्सल त्यानंच बांधलं होतं. "मला वाटलं नगरपालिकेची बाई फुलं घेऊन आली."

"नगरपालिकेची बाई काठी टेकत येते? चल ऊठ."

"आता कसा येऊ?" तो खरंच काकुळतीला आला होता. "आता आलो तर तिला कळेल आम्ही घरातच होतो."

"कळलंय तिला! चिमणीला काय बूच लावलंयस?"

"कळणं वेगळं, माइरे. समोर दिसणं वेगळं."

"मी म्हणत होते उघड म्हणून," इर्या म्हणाली.

"तू म्हणालीस पडदा सोड म्हणून!"

"मरा तिकडे दोघं," मी म्हणाले आणि परत आले. कारिनबाईंसमोर बसले, पण वर बघवेना. लोक म्हणतात दुसऱ्याची लाज आपल्याला कशाला? पण मी तर अंगभर लाजले होते. जणू मीच त्या खिडकीखाली बसले होते.

तेवढ्यात गोठ्यामागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मागच्या रानवाटेनं ती जंगलाकडे गेली. पळाला, मी म्हटलं. वचन देऊन, पैसे घेऊन, म्हातारीला दारात गोठवून वेइयो तिर्कोनेन पळाला. या माणसाबद्दल असं काही मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं तीच गाडी नुर्मेसच्या बाजूनं, मोठ्या रस्त्यानं येऊन माझ्या फाटकाशी थांबली. वेइयो उतरला, इर्या उतरली. वेइयोनं डिकीतून सूटकेस काढली. रिकामीच असावी, कारण चालताना ती पतंगासारखी हेलकावत होती. कारिनबाई आणि मी दोघी खिडकीतून बघत होतो.

दार उघडून तो आत आला. कोट, टोपी, हातात सूटकेस. "नमस्कार, माइरे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आत्ताच आलो कुओपिओहून. रस्ते फार निसरडे झालेत."

त्याच्या पायात नमद्याच्या चपला होत्या. बर्फानं भरलेल्या. घाईत त्याच घालून निघाला होता.

कारिनबाईंनी चपलांकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. मग मला स्वीडिशमध्ये म्हणाल्या, "त्यांना विचारा, प्रवास कसा झाला."

मला ते वेइयोला आमच्या भाषेत सांगावं लागलं. दुसरं कोण सांगणार? असलं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

इर्या त्याच्यामागे उभी होती, तिनं खाली बघितलं. वेइयोनंही बघितलं. बर्फ वितळून माझ्या सतरंजीवर पाणी पसरत होतं. त्यानं सूटकेस खाली ठेवली. कान आधी लाल झाले, मग मान, मग सगळाच.

"तिला सांग, आम्ही कुठे गेलो नव्हतो," तो म्हणाला. "मी घरात होतो. जमिनीवर बसलो होतो. पडदा मी हलवला."

मी सांगितलं. कारिनबाई म्हणाल्या, "माहीत आहे. चष्मा चमकला होता. दार का नाही उघडलं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

वेइयोला हे अवघड गेलं. "कुणीतरी अभिनंदन करेल म्हणून."

मी तसंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलतंच काही बोलले होते. "अभिनंदन?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. मला वाटलं त्या हसतील. हसल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मला काय वाटलं ते त्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "स्वीडनला पोचल्यावर आम्हाला एका शाळेच्या दालनात रांगेत उभं केलं. लोक यायचे, बघायचे, एकेकाला घेऊन जायचे. गोऱ्या, गुबगुबीत मुली आधी गेल्या. माझं नाक वाहत होतं, डोक्यात उवा होत्या म्हणून केस कापलेले. एक बाई दाराच्या काचेतून तीनदा माझ्याकडे बघून गेली. तिनं दार उघडलंच नाही. शेवटी रात्री पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईनं नेलं, कारण कुणालातरी न्यायलाच हवं होतं. आज तो पडदा हलला आणि परत सोडला, तेव्हा मला वाटलं, या वयातही बघून नको म्हटलं मला."

हे मी वेइयोला सांगितलं. शब्दाला शब्द. सगळं सांगितलं. त्यानं ऐकलंच पाहिजे असं मला वाटत होतं.

वेइयोनं टोपी काढली. उभाच होता.  इर्या रडायला लागली. तो माफी मागेल असं मला वाटलं. पुस्तकातल्या दोन आकड्यांसाठी शेकड्यांनी चिठ्ठ्या लिहिणारा माणूस. पण याला चिठ्ठी पुरणार नव्हती हे त्यालाही कळत होतं. त्याची दया आली नाही मला. खरं सांगते, अजिबात आली नाही.

मग कारिनबाई उठल्या. पाकीट पिशवीत परत ठेवलं.

"फोटो मी इथे दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "कबूल केलं होतं ते त्यांच्या टेबलाबद्दल. त्यांना म्हणावं घरी जा. मी येते, दार वाजवते."

वेइयोनं एकदाच मान हलवली आणि दोघं गेली. सूटकेस माझ्या दारातच राहिली. कारिनबाईंना मी बूट चढवले, त्यांनी काठी घेतली, माझा दंड धरला. आम्ही रस्ता ओलांडला. पायवाटेवर मघाचे त्यांचे एकटीचे खड्डे होते, त्यांतच पाय ठेवत दारापाशी गेलो. त्यांनी माझा दंड सोडला आणि दार वाजवलं.

आतून चपलांचा आवाज आला. ओल्या चपला, फचफच. दारापर्यंत आला आणि थांबला.   मला वाटलं, खांदा लावून दार आत ढकलावं. कारिनबाई हलल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, टोपी सरळ केली. तेवढ्यात कडी वाजली आणि दार उघडलं.

"आत या," वेइयो म्हणाला. त्याला येत असलेल्या तोडक्या स्वीडिशमध्ये, शाळेतल्यासारखं घोकून. "आत या. बाहेर थंडी आहे."

टेबलावर इर्यानं वेलदोड्याचा पाव, राय धान्याच्या पारीत भात भरलेल्या पिराक्का, अंडं घातलेलं लोणी, आणि जो केक गुपचूप खायचा होता तो मांडला होता. चांगल्या कपबश्या काढल्या होत्या. सगळे बसलो. कारिनबाईंनी फोटो पुढे सरकवला.

उन्हाळ्यातलं गवत. एक तरुण शिपाई पालथा पडलाय, बंदूक खांद्याला लावलेली, पण नेम सोडून कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. बस्, एवढंच.

वेइयोनं भिंग आणलं. बंदुकीकडे वळला तसा तो थोडा माणसात आला. "उभकान्या," तो म्हणाला. "नेमाच्या खुंटीला दोन्ही बाजूंनी पत्रे आहेत, कुत्र्याचे कान उभे असतात तसे. त्यावरून लोक म्हणायचे. चांगली बंदूक. गावोगावच्या रक्षक दलांसाठी केलेली." मी कारिनबाईंना सांगत गेले. त्या एकेक शब्द घोट घेतल्यासारखं ऐकत होत्या.

 मग वेइयोनं फोटो उजेडाकडे धरला. भिंगातून पुन्हा पुन्हा बघत राहिला. मला धास्ती वाटली, काही वाईट तर नाही.

"फोटो उलटा छापलाय का, ते बघत होतो," तो म्हणाला. "नाही. गोळी भरायच्या बोल्टची मूठ उजवीकडेच आहे. मग बरोबर."

"काय बरोबर?" इर्यानं विचारलं.

"बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला आहे. हवालदार असं करू देत नसत. ओरडून, लाथा घालून सगळ्यांना उजव्या खांद्यावर आणत, कारण बंदूकच तशी बनवलेली. यांनी काही ऐकलेलं दिसत नाही. वर हसतायत." त्यानं भिंग खाली ठेवलं. "त्यांचे वडील डावखुरे होते."

मी सांगितलं. कारिनबाई केक खात होत्या. चमचा तोंडाशी नेता नेता थांबला. चमचा डाव्या हातात होता. त्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि चटकन तो टेबलाखाली नेला, चोरी पकडल्यासारखा.

"शाळेत माझा हा हात पाठीशी बांधायचे," त्या हळू म्हणाल्या. "सांभाळणारी बाई म्हणायची, ही फिनलंडहून आलेली खोड. म्हणून चारचौघांत मी उजव्यानंच जेवते, उजव्यानंच लिहिते. माझ्या मुलांनाही ठाऊक नाही. आज कशी विसरले कोण जाणे."

हे मी वेइयोला सांगितलं. त्यानं खाली बघितलं नाही. पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, तो समोरच्या माणसाकडे सरळ बघत राहिला.

"ते पुन्हा सांगायला सांगा," कारिनबाई मला म्हणाल्या. "पण तुम्ही बदलून नका सांगू. त्यांनाच सांगू द्या, त्यांच्या भाषेत." मग थांबून म्हणाल्या, "माझ्या भाषेत."

"तुझे वडील डावखुरे होते," वेइयो म्हणाला. तुमचे नाही म्हणाला. तुझे म्हणाला, लहान मुलीला सांगावं तसं.

कारिनबाईंनी टेबलाखालचा हात वर काढला आणि टेबलावर ठेवला. ओठ हलवत त्याच्यामागून ते शब्द म्हटले. पहिल्यांदा चुकले. वेइयोनं पुन्हा सांगितले, आणि त्यांनी पुन्हा म्हटले.